कारखान्याच्या सर्व्हरला नाव देताना

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमच्या घरचा मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे टर्निंग, मिलिंग आणि ड्रिलिंग करून माल पुढे पाठवणे हा आमचा धंदा. ग्राहकाकडून ड्रॉइंग येते, त्यात दुरुस्त्या होत राहतात आणि प्रत्येक दुरुस्तीला नवा रिव्हिजन क्रमांक मिळतो. ही ड्रॉइंग कोणाच्या पेन ड्राइव्हवर, कोणाच्या व्हॉट्सॲपवर, कोणाच्या डेस्कटॉपवर अशी विखुरलेली असत. जुन्या रिव्हिजनवर केलेला एक आख्खा लॉट ग्राहकाने परत पाठवला, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सगळे एका जागी आणायला सांगितले. लग्नाआधी मी पुण्यात नेटवर्क सांभाळण्याची नोकरी करत होते, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले.

त्यासाठी सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली आणि खाती सांभाळणारा मध्यवर्ती संगणक, उभारायचा होता. या सबंध कामात मी सर्वांत जास्त विचार केला तो अंतर्गत डोमेनच्या, म्हणजे कारखान्यातले सगळे संगणक ज्या एका नावाखाली येतात त्याच्या, नावाचा. यंत्र बदलता येते, डिस्क वाढवता येते, सॉफ्टवेअरची आवृत्ती चढवता येते. पण डोमेनचे नाव प्रत्येक संगणकाच्या, प्रत्येक खात्याच्या, प्रत्येक प्रमाणपत्राच्या (ब्राउझरला सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याच्या) आणि प्रत्येक शॉर्टकटच्या पोटात जाऊन बसते, आणि काही वर्षांनी ते बदलायचे म्हटले तर जवळजवळ सगळा डोलारा नव्याने उभारावा लागतो. छोट्या कार्यालयांत मात्र स्थापनेच्या पडद्यावर नाव विचारले जाते तेव्हा समोर जे सुचेल ते टाइप करून पुढचे बटण दाबले जाते, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

आमच्याकडे टॅलीसाठी ठेवलेला एक जुना सर्व्हर होता आणि त्याच्या डोमेनच्या शेवटी 'डॉट लोकल' होते. त्या काळचा तो रिवाजच होता. मायक्रोसॉफ्टच्या स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या २००८ आणि २०११ या आवृत्त्यांत स्थापनेचा विझार्ड नावाचा फक्त पहिला भाग विचारत असे आणि पुढे 'लोकल' हे शेपूट स्वतःच जोडत असे. पूर्ण नाव मनासारखे हवे असेल तर स्थापनेआधीच उत्तरांची फाइल वेगळी तयार करून पेन ड्राइव्हवर ठेवावी लागे. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज प्रसिद्ध झाला आणि 'लोकल' हे शेपूट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव ठरले. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी व्यवस्था; तिच्या मल्टिकास्ट प्रकारात सर्व्हरशिवाय उपकरणेच एकमेकांना विचारतात. ॲपलची उपकरणे, बहुतेक नवे प्रिंटर आणि अनेक लिनक्स संगणक 'लोकल'ने संपणारे नाव दिसले की सर्व्हरला न विचारता २२४.०.०.२५१ या पत्त्यावर सगळ्या नेटवर्कला हाक मारतात. माझ्या दिरांच्या मॅकबुकवर जुन्या सर्व्हरचे फोल्डर उघडताना प्रत्येक वेळी काही सेकंद नुसते चक्र फिरत राही, त्याचे मूळ इथे होते. शिवाय त्या मालिकेच्या सुरक्षा-दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये थांबल्या होत्या, त्यामुळे तो सर्व्हर तसाच पुढे ओढण्यात अर्थ नव्हता.

मग नाव कोणते घ्यावे? मनाने एखादे शेपूट तयार करण्याचा मार्ग मी आधीच बाजूला ठेवला. 'कॉर्प', 'होम' आणि 'मेल' ही तीन शेपटे जगभरच्या खासगी नेटवर्कमध्ये इतकी वापरात होती, की टक्कर होईल या भीतीने इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०१८ मध्ये ती कोणालाच न देण्याचे ठरवले. 'डेव्ह'चे उलट झाले. ते गूगलकडे गेले आणि २०१७ च्या अखेरीस क्रोमने त्या शेपटाच्या प्रत्येक नावाला एचटीटीपीएस, म्हणजे प्रमाणपत्रावर चालणारी सुरक्षित जोडणी, सक्तीचे केले, त्यामुळे घरगुती चाचणीसाठी ते वापरणाऱ्या असंख्य प्रोग्रामरांची पाने रातोरात उघडेनाशी झाली. जे नाव आपले नाही, त्याच्यावर उद्या कोणाचा हक्क येईल हे आपल्या हातात नसते. ज्यांच्याकडे स्वतःचे नोंदवलेले डोमेन नाही, त्यांच्यासाठी आता एक सन्मान्य पर्याय आहे: आयकॅनने जुलै २०२४ मध्ये 'इंटर्नल' हे शेपूट खासगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले. घरच्या नेटवर्कसाठी आरएफसी ८३७५ ने २०१८ मध्ये 'होम डॉट अर्पा' दिलेच होते. पण या राखीव नावांना कोणतीही सार्वजनिक संस्था प्रमाणपत्र देऊ शकत नाही, आणि प्रमाणपत्र मला हवे होते.

आमच्या कारखान्याचे संकेतस्थळ आणि ईमेल ज्या नावावर चालतात ते 'डॉट इन' डोमेन आधीपासून होते. खरे नाव न देता मी येथे त्याला 'उदाहरण.इन' म्हणेन. सर्व्हरलाही तेच नाव द्यावे असे आबांचे म्हणणे होते, आणि वरवर पाहता ते सरळ वाटते. अडचण अशी, की आतला सर्व्हर मग 'उदाहरण.इन' या सबंध नावाचा अधिकारी स्वतःलाच समजतो. आपले संकेतस्थळ बाहेरच्या होस्टिंगवर आहे हे त्याला माहीत नसते. बाहेरची प्रत्येक नोंद आत हाताने लिहावी लागते, होस्टिंग बदलले की पुन्हा लिहावी लागते, आणि 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' न लावता नाव टाइप केले तर संकेतस्थळाऐवजी डोमेन कंट्रोलर, म्हणजे खाती आणि लॉगिन सांभाळणारा आतला सर्व्हर, समोर येतो. हे मी आबांना कागदावर दोन चौकोन काढून दाखवले. "म्हणजे घर एकच, पण आतल्या खोलीला वेगळी पाटी लावायची," ते म्हणाले, आणि 'ऑफिस.उदाहरण.इन' हे उपनाव पक्के झाले. नावात गावाचे, वसाहतीचे किंवा प्लॉटचे काही येऊ द्यायचे नाही हेही ठरवले, कारण जागा बदलतात. पहिला भाग पंधरा अक्षरांच्या आत ठेवला, कारण जुन्या पद्धतीचे आखूड नाव, म्हणजे नेटबायॉस नाव, त्याहून लांब चालत नाही. प्रत्यक्ष सर्व्हर यंत्राचे नाव या आखूड नावासारखे असून चालत नाही, तेव्हा यंत्राला 'डीसी१' असे कोरडे नाव दिले.

हे पक्के करण्याआधी मी एक गोष्ट तपासली, आणि ती प्रत्येकाने तपासावी असे मला मनापासून वाटते: डोमेन नक्की कोणाच्या खात्यात आहे? आमचे डोमेन कारखान्याच्या खात्यात नव्हते. संकेतस्थळ करून देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यात नोंदवले होते, नूतनीकरणाचे ईमेल त्याच्याकडे जात होते आणि डीएनएसच्या नोंदी बदलण्याचा अधिकारही त्याच्याकडेच होता. सातबारा दुसऱ्याच्या नावावर असलेल्या जमिनीत विहीर खणण्यासारखे ते झाले असते. हस्तांतरणासाठी लागणारा कोड मिळवायला बरेच फोन करावे लागले, पण डोमेन कारखान्याच्या ईमेलवर आणि कारखान्याच्या पैशांनी नोंदवलेले होईपर्यंत मी सर्व्हरच्या डब्याला हात लावला नाही. 'डॉट इन'चा वर्षाचा खर्च काही शे रुपयांत येतो. तो आता स्वयंचलित नूतनीकरणावर आहे.

पुढचा प्रश्न आयपी पत्त्यांचा. इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होता आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरचा राउटरही तेच वाटतो. घरून व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून जाणाऱ्या सुरक्षित बोगद्याने, कारखान्यात यायचे असेल तर दोन्हीकडे एकच मालिका असून चालत नाही, कारण संगणकाला कोणते दार कोणाचे ते कळत नाही. म्हणून खासगी वापरासाठी राखलेल्या १०.०.०.० च्या मोठ्या मालिकेतून मी १०.४७.२० हा सहसा कोणी न घेणारा तुकडा निवडला. त्यात सर्व्हर आणि प्रिंटर यांना स्थिर पत्ते आणि बाकीच्यांना डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या सेवेने, मिळणारे, अशी विभागणी केली. राउटर स्वतः वाटत असलेला डीएनएसचा पत्ता बदलू देत नव्हता, त्यामुळे त्याचे डीएचसीपी बंद करून ते काम सर्व्हरकडे घेतले.

विंडोज सर्व्हर आणि प्रत्येक वापरकर्त्यामागचा त्याचा परवाना यांचा हिशेब मांडल्यावर मी डेबियन १२ ही मोफत लिनक्स प्रणाली आणि साम्बा हे विंडोज सर्व्हरचे काम करणारे मोफत सॉफ्टवेअर घेतले. साम्बाला २०१२ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा, म्हणजे विंडोज संगणकांची खाती आणि परवानग्या एका जागी ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेचा, डोमेन कंट्रोलर होता येते. डोमेन कंट्रोलर आणि फाइल सर्व्हर एकाच साम्बामध्ये कोंबू नयेत असे साम्बाचे स्वतःचे मार्गदर्शन सांगते, म्हणून एकाच यंत्रावर दोन आभासी सर्व्हर केले. खाली दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात आणि शेजारी यूपीएस आहे. यंत्रसामग्रीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही.

स्थापनेत एक जागा अशी आहे, जिथे पुष्कळांचे घोडे पेंड खाते. डीएचसीपीने पत्ता घेऊन डेबियन बसवले, की होस्ट्स फाइलमध्ये यंत्राच्या नावासमोर १२७.०.१.१ हा पत्ता आपोआप लिहिला जातो. हा पत्ता म्हणजे 'मी स्वतः'. तो तसाच ठेवून डोमेन उभारले तर सर्व्हर स्वतःचा तोच पत्ता डीएनएसमध्ये नोंदवू शकतो, आणि मग हिशेबाच्या टेबलावरचा संगणक 'डीसी१ कुठे आहे' असे विचारतो तेव्हा त्याला उत्तर मिळते, 'तुझ्या स्वतःतच'. त्या ओळीत १०.४७.२०.१० आणि त्यापुढे आधी पूर्ण नाव, मग आखूड नाव अशा क्रमाने लिहून, यंत्र एकदा बंद-चालू करून मी पुढे गेले.

साम्बाचे डोमेन उभारणारी आज्ञा मोजके प्रश्न विचारते: रेल्म, आखूड डोमेन, सर्व्हरची भूमिका, डीएनएस कोण सांभाळणार, बाहेरच्या नावांसाठी कोणाला विचारायचे, आणि प्रशासकाचा पासवर्ड. रेल्म म्हणजे तेच पूर्ण नाव, पण मोठ्या रोमन अक्षरांत. हे सगळे दोन-तीन मिनिटांत संपते. त्यानंतरच्या तपासणीला मात्र सावकाश वेळ द्यावा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला संगणक लॉगिनच्या वेळी आधी डीएनएसला विचारतो, की 'या डोमेनची एलडॅप (खात्यांची यादी पुरवणारी) सेवा कोणाकडे आहे?' आणि त्याचे उत्तर एसआरव्ही प्रकारच्या नोंदीतून येते. मी 'होस्ट' या आज्ञेने हाच प्रश्न सर्व्हरला विचारला. उत्तरात पोर्ट (सेवेच्या दाराचा क्रमांक) ३८९ आणि 'डीसी१.ऑफिस.उदाहरण.इन' अशी ओळ आली. मग कर्बेरॉसचा, म्हणजे ओळख तपासून प्रवेशाचे तिकीट देणाऱ्या सेवेचा, प्रश्न, पोर्ट ८८. मग प्रशासकाच्या नावाने कर्बेरॉसचे तिकीट काढून पाहिले. ही तिन्ही उत्तरे बरोबर आल्याशिवाय एकही विंडोज संगणक जोडायला बसू नये. नाहीतर पुढच्या त्रुटी विंडोजच्या भाषेत येतात आणि त्यांचा मूळ कारणाशी संबंध लावणे कठीण होते.

क्लायंट संगणकांच्या बाबतीत मला एका प्रश्नावर घरातच बरीच समजावणी करावी लागली. डीएचसीपीमधून मी प्रत्येक संगणकाला डीएनएस म्हणून फक्त आमचा सर्व्हर दिला होता. दिरांनी विचारले, "वहिनी, दुसरा म्हणून गूगलचा ८.८.८.८ का नाही द्यायचा? सर्व्हर बंद पडला तर इंटरनेट तरी चालेल." हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि अंतर्गत डोमेन असलेल्या कार्यालयात तो फार त्रास देतो. दुसरा पत्ता हा पहिल्याला ठाऊक नसलेली उत्तरे देणारा मदतनीस नसतो. संगणक त्याला पहिल्याच्या तोडीचा समजतो. पहिल्याकडून एकदा उत्तराला उशीर झाला की विंडोज दुसऱ्याकडे वळते आणि काही काळ तिथेच राहू शकते. तिथे 'ऑफिस.उदाहरण.इन' विचारले तर 'असे नाव अस्तित्वात नाही' हे ठाम उत्तर येते, आणि ठाम उत्तर मिळाल्यावर संगणक आणखी कोणाला विचारत नाही. मग ड्रॉइंगचे फोल्डर कधी उघडते, कधी नाही, आणि कारण सापडत नाही. दिरांच्या चिंतेला मात्र उत्तर देणे आवश्यक होते, म्हणून स्टोअरमधल्या एका जुन्या डेस्कटॉपवर दुसरा डोमेन कंट्रोलर उभा केला आणि दुसरा डीएनएस म्हणून त्याचा पत्ता दिला. साम्बा खाती आणि डीएनएस नोंदी दोघांत आपोआप जुळवते, पण धोरणांच्या फाइली असलेले सिसव्हॉल फोल्डर जुळवत नाही. ते ठरावीक वेळाने नक्कल करण्याची व्यवस्था स्वतः लावावी लागते.

संगणक जोडताना हिशेबाच्या मॅडमच्या लॅपटॉपवर विंडोज होम निघाले, आणि होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही. तिथे प्रो घ्यावे लागले. इन्स्पेक्शनच्या टेबलावरच्या संगणकाची गोष्ट वेगळी होती. वीज गेली की त्याची तारीख मागे जाऊन बसत असे, आणि घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असेल तर कर्बेरॉस तिकीट देत नाही. झाकण उघडून सीआर२०३२ हा बटणासारखा सेल बदलला, तारीख लावली आणि तो जोडला गेला. सर्व्हरचे घड्याळ मी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने काढलेल्या निर्देशांतही एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा या प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवायला सांगितले आहे. बाकीचे संगणक आपापली वेळ सर्व्हरकडून घेतात. वापरकर्त्यांची नावे ठरवताना आडनावाचा उपयोग झाला नाही, कारण कोल्हापूरच्या कारखान्यात पाटील एक नसतो. हजेरीचा क्रमांकच लॉगिनचे नाव केला.

शॉप फ्लोअरवरच्या जुन्या सीएनसी यंत्रांना डोमेनमध्ये आणण्याचा हट्ट मी धरला नाही. त्यातली काही आरएस-२३२ या जुन्या प्रकारच्या वायरनेच प्रोग्राम घेतात, आणि त्यांच्या शेजारच्या जुन्या संगणकाला फाइल वाटपाची फक्त पहिली, असुरक्षित आवृत्ती येते, जी साम्बाने ४.११ पासून मूळ मांडणीत बंद ठेवली आहे. ती सगळ्यांसाठी पुन्हा चालू करण्याऐवजी या यंत्रांसाठी वेगळे नेटवर्क केले आणि तेथे फक्त मंजूर प्रोग्रामांचे फोल्डर एफटीपीने (फाइल पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने) दिसेल अशी सोय केली.

नावाचा खरा उपयोग यानंतर दिसू लागला. लोकांना मी सर्व्हरचे नाव सांगितलेच नाही, कामाची नावे सांगितली: 'नकाशे.ऑफिस.उदाहरण.इन', 'साठा.ऑफिस.उदाहरण.इन', 'हजेरी.ऑफिस.उदाहरण.इन'. अर्थात टाइप करताना ती रोमन अक्षरांत. ही सगळी टोपणनावे आहेत; आज त्यांच्यामागे एकच यंत्र असले तरी उद्या नकाशांसाठी वेगळे यंत्र आणले तर डीएनएसमधली एक ओळ बदलली की पुरते. फाइलच्या फोल्डरसाठी टोपणनाव वापरायचे तर कर्बेरॉसला ते नाव त्या सर्व्हरचेच आहे हे वेगळे नोंदवून सांगावे लागते. ती नोंद केल्यावर कोणालाही पुन्हा पासवर्ड विचारला गेला नाही. फोरमन आता मशीनशेजारच्या पडद्यावर 'नकाशे' उघडतात तेव्हा त्यांना फक्त चालू रिव्हिजन दिसते, जुन्या रिव्हिजन डिझाइनच्या टेबलावरूनच उघडतात.

साठ्याचे पान ब्राउझरमध्ये उघडते, आणि तिथे लाल इशारा ओलांडून 'तरीही पुढे जा' दाबण्याची सवय कामगारांना लागावी हे मला मुळीच मान्य नव्हते. पूर्वी प्रमाणपत्र-संस्था 'लोकल'सारख्या नावांनाही प्रमाणपत्रे देत असत. नोव्हेंबर २०१५ पासून ते बंद झाले आणि उरलेली प्रमाणपत्रे १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करण्यात आली. आमचे नाव नोंदवलेल्या डोमेनच्या पोटातले असल्यामुळे लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे मोफत प्रमाणपत्र मिळाले. त्यासाठी सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरज नसते. बाहेरच्या डीएनएसमध्ये ठरलेला मजकूर असलेली एक नोंद करून नाव आपले आहे हे सिद्ध करता येते. काळजी एवढीच घ्यायची, की नोंद पोहोचली का हे पाहणारा प्रोग्राम आतल्या डीएनएसला विचारणार नाही, बाहेरच्याला विचारेल. प्रत्येक सार्वजनिक प्रमाणपत्रावरचे नाव कोणालाही पाहता येईल अशा नोंदवहीत जाते, म्हणून वेगवेगळ्या नावांची प्रमाणपत्रे न घेता 'ऑफिस'खालच्या सगळ्या नावांना चालेल असे एकच तारांकित प्रमाणपत्र घेतले. घेतले तेव्हा त्याची मुदत ९० दिवसांची होती आणि नूतनीकरण आपोआप होते.

फोनवर एक अडचण राहिली होती. दिरांच्या अँड्रॉइड फोनमध्ये खासगी डीएनएस म्हणून एका जाहिराती अडवणाऱ्या सेवेचे नाव हाताने भरलेले होते, त्यामुळे कारखान्याच्या वायफायवर असूनही त्यांचा प्रत्येक प्रश्न थेट बाहेर जाई आणि 'साठा' सापडत नसे. ती मांडणी 'स्वयंचलित'वर आणताच पान उघडले. बाहेरून येण्यासाठी वायरगार्डचा व्हीपीएन आहे आणि त्यात डीएनएस म्हणून आमचेच दोन पत्ते दिलेले आहेत, त्यामुळे ग्राहकाच्या कार्यालयात बसूनही तीच नावे तशीच चालतात. आमच्या फायबर जोडणीवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नव्हता. तो वेगळे पैसे भरून घेतला. डीएनएसचे पोर्ट ५३ मात्र बाहेरच्या जगासाठी उघडलेले नाही आणि उघडायचेही नाही.

डोमेनची बॅकअप प्रत रोज रात्री निघते आणि आठवड्यातून एकदा घरी नेलेल्या डिस्कवर जाते. ती प्रत वेगळ्या, नेटवर्कला न जोडलेल्या यंत्रावर प्रत्यक्ष उभी करून, त्यात खाती आणि डीएनएस नोंदी दिसतात का हे मी दर तिमाहीला पाहते. कागलच्या पंचतारांकित वसाहतीत आमचे दुसरे युनिट येत आहे. तिथे १०.४७.३० ही मालिका राखून ठेवली आहे, तिसरा डोमेन कंट्रोलर तिथे बसेल, आणि डोमेन 'ऑफिस.उदाहरण.इन' हेच राहील.